शॉक बदलण्याआधी टायरमधली हवा मोजा

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंपनीचे 265/65 R17 साइजचे टायर काढून तुम्ही एलटी265/70 R17 ऑल-टेरेन (एटी, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे) टाकले. एलटी म्हणजे ‘लाइट ट्रक’, जड वजनासाठी बांधलेला टायर. तेव्हापासून कच्च्या रस्त्यावर गाडी उड्या मारते, वळणावर मागची बाजू खडीवरून सरकते, आणि वर्कशॉप म्हणतंय शॉक (धक्के शोषणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर) गेले, चारही बदला. शेवटी विचारलंय की एटी काढून सरळ एमटी (मड-टेरेन, चिखलासाठीचे टायर) टाकू का, आणि ऑफरोडला हवा किती ठेवू. एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये एक आकडा मात्र कुठेच नाही. आत्ता टायरमध्ये हवा किती आहे?

गाडी रात्रभर उभी असेल अशा सकाळी, चाक हलवण्याआधी, स्वतःच्या गेजने चारही टायर मोजा. तोपर्यंत शॉकचा अ‍ॅडव्हान्स देऊ नका, एवढी कळकळीची विनंती.

हे इतकं ठासून सांगतोय कारण माझ्या गाडीचं अगदी हेच झालं होतं. साइजही हीच. टायर बसवले त्याच ठिकाणी हवा भरली गेली. गाडी दगडासारखी कडक वाटते म्हणून परत नेली, तर आधी बॅलन्सिंग पुन्हा केलं, मग अलाइनमेंट केलं, आठवड्याने तेच अलाइनमेंट पुन्हा. मग निदान आलं की शॉक गळतायत. शॉक बदलले. फरक शून्य. मग बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यातली रबरं. या सगळ्या काळात कुणीही व्हॉल्व्हची टोपी काढून गेज लावला नाही. मी दर वेळी विचारायचो, ‘हवा बरोबर आहे ना?’ आणि दर वेळी उत्तर यायचं, ‘टायरवर 80 लिहिलंय साहेब, आम्ही 65च भरलीय, म्हणजे कमीच आहे.’ काउंटरवरच्या माणसाने हे इतक्या खात्रीने सांगितलं की पुढे वाद घालायला जागाच उरत नव्हती.

पण टायरच्या कडेवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर (साइडवॉल), जो आकडा असतो तो तुमच्या गाडीसाठी नसतो. 121/118 असा लोड इंडेक्स (वजन पेलायच्या क्षमतेचा सांकेतिक आकडा) असलेला एलटी टायर एकेकट्या चाकावर 1450 किलो उचलू शकतो, आणि तेवढं वजन उचलायला त्यात 80 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) थंड हवा लागते. एवढाच त्या ओळीचा अर्थ. आपल्या गाडीचं एकूण वजन दोन-अडीच टन. एका चाकावर पाचशे-सहाशे किलो, सामान भरलं तर मागे थोडं जास्त. तेवढ्या वजनाला 65 भरली की टायर मधोमध फुगतो, रस्त्याला फक्त नक्षीचा मधला पट्टा टेकतो, आणि बारीक दगडावरून जाताना दबायचं काम टायर करतच नाही. सगळा धक्का शॉककडे जातो. म्हणून गाडी उड्या मारते, म्हणूनच मागची बाजू सरकते. शॉक बिचारे नवे असले तरी काय करणार?

पुढचा भाग अजून चीड आणणारा आहे. मधली नक्षी लवकर झिजली, म्हणून वॉरंटीत दावा केला. त्याच दुकानाने लेखी उत्तर दिलं, ‘जास्त हवेमुळे झालेली झीज, दावा अमान्य.’ हवा भरणारे तेच, आणि जॉब कार्डवर किती भरली ते लिहिलेलं नाही. त्यामुळे माझ्या हातात काहीच नव्हतं. म्हणून टायर कुठेही बसवा, भरलेल्या हवेचा आकडा पुढे-मागे वेगवेगळा जॉब कार्डवर लिहून घ्या. लिहायला टाळाटाळ केली तर गेजवरच्या आकड्याचा फोटो त्यांच्यासमोरच काढा. टायरच्या सगळ्या चर्चेत हा सल्ला कुणी देत नाही, आणि मला सगळ्यात महाग पडलेली गोष्ट हीच.

आता उलट बाजू. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या हवेचं स्टिकर असतं, त्यावर समजा 33 लिहिलंय. तो आकडा कंपनीने दिलेल्या टायरसाठी आहे. एलटी टायरची बांधणी जाड आणि भारी वजनासाठी केलेली असते, आणि तेवढंच वजन उचलायला त्याला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. म्हणजे 65 जशी चूक तशी डोळे मिटून 33 सुद्धा चूकच, विशेषतः गाडी भरलेली असताना आणि हायवेवर. टायर कंपन्यांचे वजन आणि हवेचे तक्ते असतात. तुमच्या साइजचा तक्ता मागा आणि पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलवर पडणाऱ्या वजनाप्रमाणे आकडा काढा. स्टिकरवर 33-35 असेल तिथे एलटीला बहुधा चाळीसच्या आसपास काहीतरी निघतं. मी टायर इंजिनिअर नाही, तक्ता आणि माझं म्हणणं जुळलं नाही तर तक्ता खरा माना.

आकडा मिळाला की तो आपल्या गाडीला लागू पडतो का हे बघायला खडू घ्या. सपाट डांबरावर टायरच्या नक्षीवर कडेपासून कडेपर्यंत आडवी जाड रेघ ओढा, गाडी सरळ पन्नासेक मीटर न्या आणि उतरून बघा. रेघ मधेच पुसली गेली आणि दोन्ही कडांना तशीच राहिली तर हवा जास्त. कडा पुसल्या आणि मध्ये पांढरं राहिलं तर कमी. सगळीकडे सारखी पुसली तर त्या वजनाला ती हवा ठीक. पुढच्या आणि मागच्या चाकाला वेगळं करून बघा, निकाल बऱ्याचदा वेगळा येतो. सामान भरल्यावर पुन्हा करा.

दुसरी पडताळणी गरम हवेची. थंड मोजा, हायवेवर तासभर चालवा, थांबल्या थांबल्या परत मोजा. साध्या टायरला साधारण 4 आणि एलटीला 6 पीएसआयपर्यंत वाढ ठीक समजतात. वाढ त्याहून बरीच जास्त असेल तर टायर गरजेपेक्षा जास्त दबतोय आणि तापतोय, म्हणजे सुरुवातीची हवा कमी होती. इथे लोक नेमकं उलटं करतात. गरम टायरचा आकडा वाढलेला बघून हवा सोडतात, आणि टायर अजून तापतो. गरम टायरमधून हवा सोडू नका. हवामानाचाही परिणाम धरा. तापमान 10 अंशांनी उतरलं की दीड ते दोन पीएसआय जातात, आणि 1000 मीटर उंचीवर चढलात की बाहेरचा दाब कमी झाल्याने गेज साधारण दीड पीएसआय जास्त दाखवतो.

आता तुमचा मूळ प्रश्न, ऑफरोडला किती. हवा कमी केल्यावर टायर रुंद होतो असं सगळे सांगतात. खरा फायदा लांबीत असतो. जमिनीला टेकणारा भाग पुढे-मागे लांबतो आणि चाक रणगाड्याच्या पट्ट्यासारखं चालायला लागतं. ही काही आजची युक्ती नाही. ब्रिटिश लष्करी अधिकारी राल्फ बॅग्नोल्ड यांनी 1920 आणि 1930च्या दशकांत लिबियाच्या वाळवंटात मोटारी नेल्या, तेव्हाही मऊ वाळूसाठी ते टायरची हवा उतरवायचे. दुसऱ्या महायुद्धातल्या ‘डक’ या पाण्यात आणि जमिनीवर चालणाऱ्या अमेरिकी ट्रकमध्ये तर ड्रायव्हरला केबिनमध्ये बसूनच हवा कमी-जास्त करता यायची, कारण समुद्रातून मऊ किनाऱ्यावर चढायचं आणि तिथून लगेच कडक रस्त्याला लागायचं असे.

माझे सुरुवातीचे आकडे देतो, सगळे पीएसआयमध्ये. गाडी दोन टनांच्या आसपास, लॅडर फ्रेम (शिडीसारख्या वेगळ्या चौकटीवर बसवलेली बॉडी), 17 इंची रिम असं धरून. हलक्या गाडीला याहून कमी चालेल, लो-प्रोफाइल (कमी उंच कडेच्या) टायरला इतकं उतरायचं नाही. खडी आणि आडव्या लाटा पडलेला मुरमाचा रस्ता : 26 ते 28. दगडगोटे, हळू चढण : 20 ते 22. वाळू : 16 ते 18. चिखलाला एक आकडा देता येत नाही. खाली कडक थर असेल तर फार उतरू नका, अरुंद उभा टायर चिखल कापून तळाला पोचला पाहिजे. तळच नसलेला गाळ असेल तर 18 पर्यंत या. वाळूत पुरते रुतलात तर 12 ते 14 पर्यंत उतरून बाहेर पडा, आणि बाहेर पडलात की लगेच थोडी भरा. त्याखाली बीड (टायरची रिमला घट्ट बसणारी आतली कड) रिमवरून सुटायची भीती खरी असते, विशेषतः चाक पूर्ण वळवून अ‍ॅक्सिलरेटर दिला तर. कमी हवेवर झटक्यात वळायचं नाही आणि जोरात ब्रेक मारायचा नाही.

नुसत्या आकड्यावर विसंबू नका, टायरकडे बघा. रस्त्याच्या हवेवर रिमच्या कडेपासून जमिनीपर्यंतची उंची टेपने मोजून ठेवा. वाळूत ती साधारण पाऊण राहिली की टायर योग्य दबलाय. एलटीची कडा ताठ असते, त्यामुळे टायर तेवढा दबायला साध्या टायरपेक्षा 2-3 पीएसआय जास्तच सोडावे लागतात. दगडांत मात्र हव्यासाने उतरू नका. कमी हवेवर टायर दगडाला लपेटतो, टोचून फुटायचं कमी होतं, पण फुगलेली कडा बाहेर येते आणि धारदार दगड तिथेच कापतो. कडेला कापलं की तो टायर गेला. पंक्चरच्या भोकात भरायची प्लगची दोरी नक्षीच्या भागासाठी आहे. कडेला लावलीत तर जंगलातून रस्त्यापर्यंत रांगत येण्यापुरतीच.

आणि वेग. 18 पीएसआयवर ताशी 30-40 किलोमीटरच्या वर जायचं नाही, कितीही मोकळं मैदान समोर असलं तरी. कडा सतत वाकत राहते, तापते, आतले थर सुटतात. टायर फुटतो तो बऱ्याचदा नंतर, हायवेवर, सगळे निवांत असताना. म्हणून कच्चा रस्ता संपला की भरायची आणि मगच निघायचं. ‘पुढच्या पंपावर भरू’ हे वाक्य ग्रुपमध्ये ऐकलं की मी सरळ नाही म्हणतो, मग कुणाला राग आला तरी चालेल. मागे घरची माणसं बसलेली असतात.

एटी की एमटी? तुम्ही लिहिलंय की महिन्यातले बहुतेक किलोमीटर डांबरावर आणि कधीतरी चिखल. मग एमटी नको. हे माझं मत आहे, एमटीवाले चिडतील. मोठे ठोकळे आणि मोठ्या फटी चिखल झटकतात हे खरं, पण ओल्या डांबरावर त्याच फटींमुळे रबर कमी टेकतं आणि ब्रेकला अंतर जास्त लागतं. आवाज वाढतो, वजन वाढतं, डिझेल जास्त लागतं. बरोबर हवेवरचा चांगला एटी हा 65 पीएसआयवरच्या एमटीपेक्षा कुठेही पुढे जाईल. तुम्ही आत्ता ज्या एटीला नावं ठेवताय त्याला अजून त्याच्या हवेवर चालवूनच बघितलेलं नाही. बर्फात जाणार असाल तर कडेवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह बघा. नुसतं एम प्लस एस (M+S, चिखल आणि बर्फ) म्हणजे कंपनीचा स्वतःचा दावा, बर्फातली चाचणी त्यामागे असेलच असं नाही. घेताना कडेवरच्या डॉट (DOT) क्रमांकाचे शेवटचे चार आकडेही बघा. 2323 म्हणजे 2023चा 23वा आठवडा. ‘नवा’ म्हणून जुना माल गळ्यात मारला जातो.

साइजबद्दल एक गोष्ट, कारण तुम्ही विचारलं नाही तरी लागेल. 65 वरून 70 प्रोफाइलला (रुंदीच्या टक्क्यांत कडेची उंची) गेल्याने चाकाचा व्यास साधारण साडेतीन टक्के वाढलाय. काट्यावर 80 दिसताना खरा वेग 83च्या जवळ असतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि एक चाक दगडावर चढवून टायर कुठे घासत नाही ना ते बघा. आणि स्टेपनी? ती जुन्याच साइजची राहिली असेल तर फुल-टाइम फोर-व्हील गाडीत लांब पल्ल्याला लावू नका. चार चाकांपैकी एक लहान असेल तर सेंटर डिफरेन्शियल (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलच्या वेगातला फरक सांभाळणारा गिअर) सतत फिरत आणि तापत राहतं. पाचवा टायर त्याच साइजचा घ्या आणि चाकांच्या अदलाबदलीत धरा.

सामान फार लागत नाही. 0 ते 60 पीएसआयचा चांगला गेज घ्या. 160 पर्यंतच्या गेजवर 16 आणि 19 मधला फरक नीट कळत नाही, आणि आपल्याला नेमका तोच हवा असतो. व्हॉल्व्हचा कोअर (आतली हवा अडवणारी बारीक पिन) काढून हवा सोडायचं साधन आणि दोन-चार जादा कोअर ठेवा, कोअर गवतात हरवतो. कॉम्प्रेसर थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारा घ्या, लायटरच्या सॉकेटवरचा जोरात चालला की फ्यूज उडतो. भरताना इंजिन चालू ठेवा. नायट्रोजनसाठी पैसे घालवू नका. आपण दर वेळी हवा सोडणार आणि साधीच भरणार.

उद्या सकाळी थंड टायरचे चार आकडे घ्या, स्टिकरचा फोटो काढा, टायरच्या कडेवरची लोड इंडेक्सची ओळ आणि गाडीत साधारण किती सामान असतं ते इथेच लिहा. आकडा साठच्या वर निघाला तर आधी चाळीसवर आणा, त्याच कच्च्या रस्त्यावरून त्याच वेगाने जाऊन या आणि खडूची रेघ बघा. त्यानंतरही उडत असेल तर शॉक काढायला लावा, पण गळती स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय बिलावर सही करू नका.