एल आणि डी अमिनो आम्लं म्हणजे एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं, हुबेहूब सारखी असतात, मग चमकणारा प्रोब (शोधक रेणू) त्यातलं एकच कसं ओळखतो?

हुबेहूब सारखी असतात ती साध्या रेणूंपुढे. वितळणबिंदू एकच, पाण्यातली विद्राव्यता एकच. समोरचा रेणू स्वतः डावा किंवा उजवा असला की मात्र फरक उघडा पडतो. डाव्या पायातली चप्पल उजव्या पायात घालून पाहा, तसंच. म्हणून प्रोबही एकाच बाजूचा बनवावा लागतो.

माझं आवडतं उदाहरण बायनॉलचं. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या लिन पू यांच्या गटाने यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. बायनॉलमध्ये दोन नॅफ्थॉल (दोन कड्यांचे सपाट रेणू) एका बंधाने जोडलेले असतात, पण दाटीमुळे एकमेकांभोवती सहज फिरू शकत नाहीत. त्यामुळे रेणूला पीळ बसतो आणि तो टिकतो. त्यावर अल्डिहाइड गट बसवले की अमिनो आम्लाचा नायट्रोजन तिथे जोडला जातो, पाणी बाहेर पडतं, इमाइन, म्हणजे कार्बन-नायट्रोजनचा दुहेरी बंध, तयार होतं. नुसतं इमाइन फारसं चमकत नाही. अतिनील प्रकाशातून घेतलेली ऊर्जा रेणूच्या हालचालीतच विरून जाते. झिंक घातलं की ते नायट्रोजन, ऑक्सिजन धरून सगळा सांगाडा जखडतं आणि तीच ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर येते. पीळ आणि अमिनो आम्ल यांची जोडी जमली तर हे जखडणं पक्कं होतं, नाही तर ढिलं राहतं. एका कुपीत लख्ख उजेड, शेजारच्या कुपीत जवळजवळ अंधार.

खरी अडचण पुढे येते. चमक एकूण प्रमाणावरही अवलंबून असते, त्यामुळे थोडं शुद्ध एल आणि भरपूर एल-डी मिश्रण सारखंच चमकू शकतं. पू यांच्या गटाने यावर सुंदर तोड काढली: एकाच प्रोबची एक तरंगलांबी एकूण प्रमाण सांगते, दुसरी एल-डी यांचा वाटा. शोधनिबंध वाचताना मी आधी एक गोष्ट शोधतो, उलट्या पिळाचा प्रोब वापरून पाहिलाय का. निकाल तंतोतंत उलटे आले तरच निवडकपणावर विश्वास ठेवावा.

ही ओळख महत्त्वाची आहे, कारण मेंदूतल्या एनएमडीए ग्राहींना (चेतापेशींवरच्या संदेश पकडणाऱ्या प्रथिनांना) डी-सेरीन लागतं, जिवाणूंच्या भिंतीत डी-अॅलानिन असतं, आणि दातातलं अॅस्पार्टिक आम्ल वयाबरोबर हळूहळू एलचं डी होतं, त्यावरून न्यायवैद्यकात वयाचा अंदाज बांधतात.

तुमच्याकडे मोजकेच नमुने असतील तर कायरल कॉलमवर (डावे-उजवे रेणू वेगळे करणाऱ्या नळीवर) एचपीएलसी, म्हणजे द्रव वर्णलेखन, करा, आकडा अधिक भरवशाचा मिळेल. नवा उत्प्रेरक शोधताना शेकडो नमुने चाळायचे असतील, तर प्रोबला तोड नाही.