कोषात सुरवंटाचा खरंच रस होतो का? आणि कोष काळा पडला तर मेला समजायचं का?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यातल्या बाल्कनीत कढीपत्त्यावरच्या सुरवंटाने कोष केलाय आणि आता तो काळपट दिसतोय. आधी रसाचं बघू.

सगळ्याचा रस होत नाही. श्वासनलिकांचं जाळं टिकतं, पाठीलगतचं नळीसारखं हृदय टिकतं, मेंदूतल्या बऱ्याच पेशीही टिकतात. मरतात त्या ठरावीक पेशी, त्याही ठरावीक वेळी. सुरवंटाच्या पोटाखालच्या मांसल पायांचे स्नायू, लाळग्रंथी, पानं पचवणारं आतडं, हे सगळं जातं. पंख मात्र सुरवंटाच्या अंगात आधीपासून असलेल्या पेशींच्या छोट्या गठ्ठ्यांतून वाढतात.

हुकूम देणारं संप्रेरक एकच, एक्डायसोन. त्याच्यामुळे पंखांच्या पेशी वाढतात आणि लाळग्रंथी मरते, कारण कुठल्या पेशीत कुठली जनुकं जागी होणार हे आधीच ठरलेलं असतं. फळमाशीत हे सर्वांत बारकाईने तपासलंय. २५ अंश तापमानाला, कोषावस्था सुरू झाल्यावर साधारण १५ तासांत लाळग्रंथी नाहीशी होते. एरवी कॅस्पेज नावाची प्रथिनं कापणारी विकरं एका प्रथिनाने दाबून ठेवलेली असतात. रीपर आणि हिड ही जनुकं चालू झाली की तो दाब उठतो आणि ही विकरं पेशीला आतून मारतात. आतड्याची तऱ्हा वेगळी: कॅस्पेज काढून टाकले तरी ते मरतं, कारण तिथे पेशी मुख्यतः स्वतःलाच आतून पचवतात.

रेशीम पतंगात तर उलटं. त्याचे पोटाचे काही स्नायू कोषातून बाहेर पडायला लागतात, म्हणून ते तोवर राखले जातात आणि बाहेर आल्यावर दोनेक दिवसांत विरतात. तिथे इशारा संप्रेरक घटण्याचा असतो. लॉकशिन आणि विल्यम्स या शास्त्रज्ञांनी १९६४-६५ मध्ये याच स्नायूंवर काम करून ‘नियोजित पेशीमृत्यू’ ही कल्पना मांडली.

आता तुमचा कोष. कवचातून पंखांची नक्षी दिसत असेल तर फुलपाखरू बहुतेक उद्या सकाळी बाहेर. नक्षी नाही, सगळीकडे मंद काळा, मऊ पडलाय आणि वास येतोय, तर मेला. बारीक गोल भोकं म्हणजे परजीवी गांधीलमाशीचं काम. नुसता तपकिरी असेल तर घाबरू नका, काडीवर किंवा भिंतीवर केलेला कोष तसाच असतो. जिवंत कोष हलकेच स्पर्श केल्यावर बहुधा पोट वळवतो, पण सारखं छेडू नका. उघडून तर अजिबात बघू नका.

पावसाळ्यात बंद डब्यात बुरशी धरते, म्हणून वर जाळी लावा. बाहेर पडल्यावर लोंबकळायला खरखरीत काडी आणि खाली तीन-चार इंच मोकळी जागा हवी, नाहीतर पंख चुरगळलेलेच वाळतात आणि मग ते सुधारत नाहीत. खाली गढूळ थेंब पडला तर ती इजा नाही. कोषात साठलेला मळ आहे तो, जुन्या आतड्याचे अवशेषही त्यातच असतात.