सर्व्हला जोर लावू नका, हात सोडा

तुमचं वय 38, आठवड्यातून तीन दिवस टेनिस खेळता, फोरहँड चांगला बसतो, पण पहिली सर्व्ह हळू जाते आणि पार्टनर म्हणतो ताकद कमी पडते, जिम लाव. जिम लावू का, रॅकेट बदलू का, असं तुम्ही विचारलंय. रॅकेटचं शेवटी सांगतो. जिमचं आत्ताच सांगतो: सर्व्हच्या वेगासाठी लावणार असाल तर लावू नका. मी दीड वर्ष लावली. दंड भरले, सर्व्ह होती तिथेच राहिली, वर खांदा धरला.

"ताकद कमी पडते" हे वाक्य मी अकरा वर्षं ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

मी जळगावला असतो. रॅकेट हातात धरली ती वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, नोकरी लागल्यावर. माझे डबल्सचे पार्टनर, त्यांना इथे अण्णाच म्हणतो, भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेले, शाळेपासून खेळणारे. मला टेनिस त्यांनीच शिकवलं, अगदी स्कोअर कसा मोजायचा इथपासून. ते उपकार मी विसरलेलो नाही. पण सर्व्हबद्दल त्यांची दोन मतं पक्की होती. मनगट झटकायचं आणि चेंडू वरून खाली हाणायचा. तरी जमलं नाही तर ताकद कमी.

2016 च्या फेब्रुवारीत आम्ही धुळ्याला पस्तिशीवरच्यांची डबल्स खेळायला गेलो होतो. सेमीफायनल, तिसरा सेट, 5-4 ने आम्ही पुढे आणि सर्व्ह माझी. 30-15 असताना मी शिकवल्याप्रमाणे वरून खाली हाणली, नेटमध्ये. दुसरी भीत भीत ढकलली, लांब. पुढचा पॉइंटही डबल फॉल्ट, म्हणजे दोन्ही सर्व्ह चुकून गेला. 30-40 वर दुसरी सर्व्ह कशीबशी सर्व्हच्या चौकटीत, बॉक्समध्ये, पडली आणि समोरच्याने ती आमच्या मधून मारली. सेट 7-5 ने गेला. बाहेर पाण्याच्या जारजवळ दहाबारा माणसं उभी होती. त्यांच्यासमोर अण्णा म्हणाले, "याची सर्व्ह म्हणजे प्रसाद वाटल्यासारखी. सगळ्यांनी घ्या." लोक हसले. येताना पारोळ्याला चहाला थांबायचा आमचा नेम होता, त्या दिवशी गाडी थांबली नाही.

त्या आठवड्यात मी मुलीच्या आलेख वहीत कोर्ट काढलं. बेसलाइनपासून, म्हणजे मागच्या रेषेपासून, नेट 39 फूट, नेटपासून पलीकडची सर्व्हिस लाइन 21 फूट, नेट मध्ये 3 फूट उंच. चेंडू अगदी सरळ रेषेत नेटला घासून लाइनवर पडायला हवा असेल तर तो साडेआठ फुटांहून थोडा वरच मारावा लागतो. माझी उंची 5 फूट 5 इंच. टाचा उचलून, हात ताणून रॅकेट उभी धरली तरी जाळीचा मध्य सव्वाआठ फुटांच्या वर जात नाही. म्हणजे मला खाली हाणायला जागाच नव्हती, आणि मी अकरा वर्षं तेच करत होतो. चेंडू खाली येतो तो गुरुत्वाने आणि टॉपस्पिनने, म्हणजे पुढच्या बाजूला गरगर फिरण्याने. आपण मारायचं वरच्या दिशेला. अमेरिकेच्या जॉन इस्नरने 2016 च्या डेव्हिस कपमध्ये ताशी 253 किलोमीटरची सर्व्ह मारली. तो 6 फूट 10 इंच आहे. त्याला जो कोन मिळतो तो आपल्याला मिळणार नाही, त्याचे व्हिडिओ बघून तसं करू नका.

दिशेचं कोडं सुटलं, पण वेग कुठून येतो ते त्या वहीत दिसेना. ते मला आधीपासून माहीत होतं, फक्त टेनिसशी जोडलेलं नव्हतं.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरीच्या काठावर. लहानपणी दादर (आमच्याकडची ज्वारी) निसवली की आम्हा पोरांना पाखरं राखायला शेतात पाठवायचे. माळ्यावर उभं राहायचं, गोफणीत खडा घालायचा आणि भिरकवायचा. दादर माणसाच्या डोक्याच्या वर जाते, पाखरं बसलेली असतात पार पलीकडच्या बांधाला, आणि दहा वर्षांच्या पोराचा खडा तिथपर्यंत जातो. त्या पोराच्या दंडात असं काय असतं? दोरीत तर काहीच बळ नसतं. पाय रोवलेले, कंबर वळते, मग खांदा, मग हात, आणि सगळ्यात शेवटी दोरीचं टोक. मागचं थांबलं की पुढचं सुटतं. काका एकच गोष्ट बजावायचे: मूठ आवळायची नाही. आवळली की खडा पायाशी पडतो, नाहीतर शेजाऱ्याच्या कानाशी जातो. सर्व्हमध्ये दुसरं काही नाही. तुमचा हात म्हणजे ती दोरी, आणि रॅकेटचं डोकं म्हणजे खडा.

मी हे अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "शेतातलं कोर्टावर आणू नकोस." धुळ्याच्या हसण्यापेक्षा हे मला जास्त लागलं.

मग मी पुतण्याला कोर्टाच्या बाजूला बसवून मोबाइलवर स्लो मोशन काढायला लावलं, सेकंदाला 240 फ्रेम. आधी माझी सर्व्ह. टॉसनंतर, म्हणजे चेंडू वर फेकल्यावर, माझ्या रॅकेटचं तोंड आकाशाकडे, डोक्यामागे ट्रे धरावा तसं, आणि तसंच पुढे येऊन चेंडूला थापटी मारत होतं. मग कोर्टावर येणाऱ्या एका कॉलेजच्या मुलाची घेतली, अंगाने माझ्यापेक्षा बारीक, सर्व्ह दीडपट. त्याची रॅकेट चेंडूकडे कडेने जात होती, जणू कुऱ्हाडीने चेंडूचे दोन तुकडे करणार. शेवटच्या पाच-सहा फ्रेममध्ये दंड खांद्यातून आत फिरतो, कोपराखालचा हात फिरतो आणि जाळी उघडते. चेंडू गेल्यावर त्याचा तळवा बाहेर, उजव्या बाजूला वळलेला. ते मी वीस वेळा मागेपुढे करून पाहिलं. बरोब्बर गोफण.

तुमची ग्रिप कॉन्टिनेंटल, म्हणजे हातोडी धरावी तशी, असेल असं धरून चालतो. नसेल तर पुढचं वाचून उपयोग नाही, आधी ती बदला. आता मी काय केलं ते सांगतो. फुटबॉलचा गुडघ्यापर्यंतचा जुना मोजा घ्या, त्यात दोन जुने चेंडू घालून वर गाठ मारा. मोजा टोकाला धरून सर्व्हची पूर्ण हालचाल करा, रोज तीस वेळा. हात ढिला असेल तर चेंडू पाठीला हलके थोपटून मग जोरात पुढे जातात. हात आखडला की मोजा मध्येच लुळा पडतो किंवा मानेला गुंडाळतो. मोजा खोटं बोलत नाही. पंधरा दिवसांनी रॅकेट घ्या, करंगळी मुठीबाहेर सोडा म्हणजे आवळताच येणार नाही, आणि बॉक्सकडे न बघता कोर्टामागच्या कुंपणाच्या जाळीवर मारा. पहिले दोन आठवडे चेंडू कुठे पडतो याचा विचार करायचा नाही. टॉस थोडा पुढे, कोर्टाच्या आत, आणि छाती शेवटपर्यंत वर. दुसरी सर्व्हसुद्धा तेवढ्याच वेगाने हात फिरवून मारायची, फक्त चेंडूला जास्त घासून. दुसरीला हात हळू केला की डबल फॉल्ट होतोच, धुळ्याला माझं हेच झालं.

वेग मोजायला रडार गन लागत नाही. रॅकेटला चेंडू लागल्यापासून सर्व्हिस लाइनजवळ टप्पा पडेपर्यंतच्या फ्रेम मोजा. अंतर 60 फूट, म्हणजे 18.3 मीटर. मला सुरुवातीला 180 फ्रेम लागायच्या, म्हणजे सरासरी ताशी 88 किलोमीटर. चार महिन्यांनी 150 फ्रेम, म्हणजे 105. (टीव्हीवर दिसतो तो आकडा चेंडू सुटतानाचा असतो, तो सरासरीहून बराच जास्त येतो. तुलना करू नका.) जिम मी तेव्हा सोडलेली होती.

आता काही गोष्टी राहिल्या. खांदा आधीच दुखत असेल तर यातलं काहीही सुरू करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. चाळिशीच्या आसपास एका दिवसात पन्नास-साठच्या वर सर्व्ह मारायच्या नाहीत. मे महिन्यात आपल्याकडे सकाळी आठनंतर सराव नको, पारा 45 कडे जातो. पाठीला आणि पायांना व्यायाम हवाच, मी जिमला नको म्हणालो ते दंडांसाठी. आणि मनगटाबद्दल: मनगट वळतं, वेगात त्याचा वाटाही असतो, एवढं अण्णांचं खरं आहे. पण ते झटकायचं नसतं. ढिलं ठेवलं की मागून आलेल्या वेगाने आपसूक वळतं.

वेग म्हणजे सगळं, असंही नाही. आपल्या भारताच्या रमेश कृष्णन यांची सर्व्ह त्या काळातल्या खेळाडूंमध्ये मवाळ समजली जायची. त्यांनी 1989 च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये तेव्हाच्या पहिल्या क्रमांकाच्या मॅट्स विलँडरला हरवलं. त्यांना कोणी प्रसाद वाटतो म्हटलं असतं का? तुमचा पार्टनर हसत असेल तर त्याला हे नाव सांगा.

अण्णा आता गुडघ्यामुळे खेळत नाहीत, पण रोज सहाला कोर्टावर येऊन बसतात. परवा त्यांनी शेजारच्या मुलाला सांगितलेलं मी ऐकलं, "हात ढिला सोड भो." माझ्याकडे पाहिलं नाही. मला तेवढं पुरे नाही, अण्णा. धुळ्याला दहाबारा जणांसमोर बोलला होतात, तेवढ्याच जणांसमोर एकदा म्हणा की जोर लाव हे सांगणं चूक होतं.

रॅकेटचं विचारलंत: 300 ग्रॅमच्या आसपासची असेल तर तीच ठेवा. गटिंग (जाळीची तार) पॉलीचं, म्हणजे कडक पॉलिस्टरचं, असेल तर काढून मऊ, बारीक धाग्यांचं मल्टिफिलामेंट लावा, टेन्शन दोन पाउंड कमी.