भरतीचा हिशोब चार वर्षांनी मांड

भावा, कॉलेजशी करारावर सही झाल्याच्या दिवशी कोणाला किती तारे (शाळेतल्या खेळावरून तज्ज्ञांनी दिलेला दर्जा, जास्तीत जास्त पाच) होते, यावरून अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या भरतीचा निकाल लावू नकोस. किमान चार हंगाम जाऊ देत.

अलाबामा विद्यापीठाने २०१७ साली घेतलेल्या खेळाडूंची तुकडी काढून बघ. नाजी हॅरिस पाच तारे घेऊन आला, आणि तो खरा ठरला. पण त्याच यादीत तीन ताऱ्यांचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) मॅक जोन्सही होता. त्याच जागेवर तुआ टॅगोव्हायलोआ खेळत असताना तो बाकावर थांबला. नोव्हेंबर २०१९ मध्ये तुआचा खुब्याचा सांधा निखळला, तेव्हा कुठे मॅकला कायमची जागा मिळाली. पुढच्याच हंगामात संघ १३-० (तेरा विजय, एकही हार नाही) आणि राष्ट्रीय विजेता! त्याच तुकडीतला पास झेलणारा डेव्होंटा स्मिथ अंगाने अगदी किडकिडीत. जानेवारी २०१८च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात, जादा वेळेत, तुआचा ४१ यार्डांचा पास त्याने झेलला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. २०२०ची हाइस्मन ट्रॉफीही, म्हणजे कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, त्यालाच.

आता तुझ्या संघाची जुनी यादी घे. प्रत्येक नावापुढे लिही: किती सामने सुरुवातीपासून खेळला, कोण दुसऱ्या कॉलेजात गेला, कोणाला दुखापतीने थांबवलं. लाइनमनच्या (पुढच्या रांगेत धक्काबुक्की करणाऱ्या धिप्पाड खेळाडूंच्या) नावांवर घाईने काट मारू नकोस, त्यांचं अंग भरायलाच दोन वर्षं जातात.