घरी काडतुसं रीलोड करायचीत, आधी काय काय घेऊ?

प्रश्न: आम्ही टेक्सासमध्ये असतो, ग्रीन कार्ड आहे. माझ्याकडे .३८ स्पेशलची रिव्हॉल्व्हर आणि .२२३ रेमिंग्टनची बोल्ट ॲक्शन रायफल आहे, रेंजवर नेहमी जातो, गोळ्यांचा खर्च फार होतो म्हणून रिकाम्या पितळी केसेस साठवून ठेवल्यात. आता घरीच रीलोडिंग करायचंय, म्हणजे त्या केसेसमध्ये पुन्हा प्रायमर (तळाशी बसणारी, ठिणगी देणारी टोपी), पावडर आणि गोळी भरून काडतुसं करायचीत. दुकानात म्हणाले सरळ प्रोग्रेसिव्ह प्रेस (काडतुसं भरायचं यंत्र) घ्या, तासाला शेकड्यांनी निघतील. घेऊ का?
(एक वाचक, टेक्सास)

उत्तर: आत्ता नका घेऊ. प्रोग्रेसिव्हमध्ये हँडल एकदा ओढलं की चार-पाच कामं एकाच वेळी होतात, नवीन माणसाचं लक्ष एवढ्या ठिकाणी राहतच नाही. साधा सिंगल स्टेज प्रेस घ्या, आरसीबीएस, ली, हॉर्नडी कुणाचाही चालेल, तो एका वेळी एकच काम करतो आणि पुढे प्रोग्रेसिव्ह घेतला तरी हा उपयोगी पडतोच. प्रेस जड टेबलाला बोल्टने पक्का बसवा.

पण सगळ्यात आधी मॅन्युअल घ्या. लायमन, हॉर्नडी यांची छापील मॅन्युअल्स मिळतात, निदान दोन घ्या आणि सुरुवातीची प्रकरणं नीट वाचून काढा. पावडर किती भरायची ते फक्त त्यातून किंवा पावडर कंपनीच्या स्वतःच्या तक्त्यातून घ्यायचं, रेंजवर कुणी सांगितलं म्हणून अजिबात नाही, आणि सुरुवात तक्त्यातल्या कमीत कमी आकड्यापासून करायची.

मग काटा. इथे पैसे वाचवू नका. रीलोडिंगचा काटा ०.१ ग्रेनपर्यंत दाखवणारा लागतो, एका पौंडात ७००० ग्रेन, म्हणजे एक ग्रेन साधारण ६५ मिलिग्रॅम, आणि स्वयंपाकघरातला काटा एकेक ग्रॅम दाखवतो म्हणजे तब्बल १५ ग्रेनचा फरक त्याला दिसतच नाही. बीम असो की डिजिटल, सोबत चेक वेट्स (काटा तपासायची ठरलेली वजनं) घ्या आणि दर वेळी बसताना तपासा. पावडर मेजर (दर वेळी ठरलेली पावडर पाडणारं साधन) घेतलं तरी त्यातून पडलेलं अधूनमधून काट्यावर घालून बघायचंच.

डाय सेट (केसला आकार देणारे आणि गोळी बसवणारे साचे) आणि शेलहोल्डर (प्रेसमध्ये केस धरून ठेवणारा भाग) प्रत्येक कॅलिबरचा बघून घ्या. .३८ साठी कार्बाइड डाय घ्या, लुब्रिकंट लावावं लागत नाही. .२२३ ची केस बाटलीसारख्या गळ्याची, तिला लुब लावल्याशिवाय डायमध्ये घातली की अडकून बसते. शिवाय रायफलची केस वापरून वापरून लांबते, .२२३ ची कमाल लांबी १.७६० इंच, ट्रिम करायची १.७५० ला, म्हणून कॅलिपर, ट्रिमर आणि कडा साफ करायचं हत्यार हवंच. प्रायमर बसवायचं हँड टूल, फनेल, ५० केसेस उभ्या राहतील असा लोडिंग ब्लॉक आणि चुकीच्या भरलेल्या काडतुसातून गोळी उपसायला हातोडीसारखा बुलेट पुलर, एवढ्यात काम सुरू होतं. टंबलर (केसेस घासून साफ करणारं यंत्र) नंतर घेतला तरी चालेल, आधी केसेस पुसून घ्या. साठवलेल्या केसेसमध्ये टॉर्च मारून बघा, तळाला दोन बारीक भोकं दिसली तर ती बर्डन प्रायमरची, बाजूला काढा, तुम्हाला एक भोक असलेली बॉक्सर हवी.

.३८ बद्दल एक जीव तोडून सांगते. केस मोठी आणि पावडर थोडी, त्यामुळे चुकून दोनदा भरली तरी आत मावते आणि बाहेरून काही कळत नाही, ती गोळी झाडली तर रिव्हॉल्व्हर फुटू शकते. भरायचीच राहिली तर नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अडकते आणि मागची दुसरी झाडली की नळी जाते. म्हणून पन्नासही केसेस ब्लॉकमध्ये उभ्या करून टॉर्चने प्रत्येकीत डोकावायचं, मगच गोळी बसवायची. टेबलावर एका वेळी एकच पावडर, तीही मूळ डब्यात. डोळ्यांवर सेफ्टी ग्लासेस. शिशाचा संबंध येतो म्हणून तिथे चहा-खाणं नको आणि उठल्यावर हात साबणाने धुवा, घरात लहान मुलं असतील तर खोलीला कुलूपच हवं.

स्वतःपुरतं भरायला फेडरल लायसन्स लागत नाही. विकायला सुरुवात केलीत तर लागतं.

प्रश्न: मी एच-१बी वर आहे. मित्राबरोबर हेच सुरू करू का?
(एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर: थांबा. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या (एच-१बी त्यातलाच) माणसाला बंदूक किंवा ॲम्युनिशन जवळ ठेवायला फेडरल कायद्याने मनाई आहे, अपवाद मोजके, त्यातला एक म्हणजे कुठल्यातरी राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. आणि त्या कायद्यात ॲम्युनिशन म्हणजे फक्त तयार काडतूस नाही, केस, प्रायमर, पावडर, बुलेट हे सुटे भागसुद्धा धरलेत. तेव्हा मित्राचं सामान तुमच्या घरी ठेवूनही घेऊ नका, आधी वकिलाकडून तुमच्या व्हिसाचं आणि न्यू जर्सीच्या नियमांचं नीट विचारून घ्या.