वाचक विचारतात : झेंडू फुललाय, फुलपाखरू बसत नाही

बेळगावच्या टिळकवाडीत घरापुढे झेंडू भरभरून फुललाय. फुलपाखरं घिरटी घालून निघून जातात. औषध मारलेलं नाही. असं का?

तुमचा झेंडू हाराचा, गड्ड्यासारखा भरलेला असावा. फुलपाखराची सोंड म्हणजे चकलीसारखी गुंडाळलेली बारीक नळी. फुलाच्या मधोमध असलेल्या नळीदार पुष्पकांत, म्हणजे इवल्या फुलांत, ती घालून ते मध पितं. भरगच्च जातींत त्या पुष्पकांच्या जागी बहुतेक पाकळ्याच असतात. रंगाला भुलून ते येतं आणि उपाशी परततं. एकेरी झेंडू, एकेरी झिनिया, पेंटास, सदाफुली लावा.

झिनियाची रोपं एकेक फुटावर ठेवा. दाटी झाली की पावसाळी हवेत पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, येते. एकच रंग तीन बाय तीन फुटांच्या वाफ्यात एकगठ्ठा लावलात तर तो लांबून दिसतो. इथे एक, तिथे एक लावून उपयोग नाही. वाफ्याला निदान पाच तास ऊन हवं. बेळगावात पावसाळ्यात पश्चिमेचा वारा झोडपतो, म्हणून भिंतीच्या पूर्वेला आडोसा बघा. निपाणीकडच्या काळ्या जमिनीत पाणी साचून मुळं कुजतात. तिथे वीतभर उंच गादीवाफा करा.

घाणेरीवर फुलपाखरं तुटून पडतात, तरी ती मुद्दाम लावू नका. खानापूरच्या रानात तिनं आधीच पुष्कळ जागा बळकावली आहे.

परड्यात दोडका आणि दुधी आहे. फुलपाखरं वाढली तर फळधारणा वाढेल ना?

नाही, त्या आशेवर राहू नका. फुलपाखराचे पाय लांब. ते अंग वर ठेवून पितं, त्यामुळे परागकण मधमाशीइतके अंगाला लागत नाहीत. त्याचा उपयोग अरुंद, लांब नळीच्या फुलांना. इक्झोराचे पराग सोंडेला आणि डोक्याला चिकटून पुढच्या झाडापर्यंत जातात. कुंपणावरच्या कळलावीचे पुंकेसर बाहेर पसरलेले असतात, तिथे मोठ्या फुलपाखरांचे पंखच पराग उचलतात.

दोडका आणि दुधी उमलतात संध्याकाळी, फुलपाखरं विसावल्यावर. तिथे काम पतंगांचं. शहरी वस्तीत ते कमी पडले तर कोवळी फळं पिवळी पडून गळतात. मग हातानं करा. फुलामागे इवलंसं फळ असेल ती मादी, नुसता देठ असेल तो नर. दिवेलागणीला ताजं नरफूल तोडून पाकळ्या काढा आणि परागकोश मादीफुलाच्या मधल्या भागावर हलकेच फिरवा. पराग भिजले की निकामी होतात. पाऊस असेल त्या दिवशी मादीफूल आधीच पिशवीनं झाका. लाल भोपळा मात्र पहाटे उमलतो, तो मधमाश्यांवर सोडा.

कढीलिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या अळ्या आहेत. कीटकनाशक मारू का?

ही लिंबूच्या झाडावर वाढणाऱ्या फुलपाखराची पिल्लावळ. मोठी झाली की अळी हिरवी होते आणि डिवचली की डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून उग्र वास सोडते. चावत नाही. पंधरा-वीस दिवसांत ती कोशात जाते. झाड पुरुषभर उंच असेल तर पुन्हा पालवी फुटते, काही करू नका. रोप फूटभराचंच असेल तर अळ्या पानासकट उचलून लिंबूच्या मोठ्या झाडावर ठेवा, कडुलिंबावर नव्हे.

इमिडाक्लोप्रिडसारखं झाडात भिनणारं औषध फुलझाडांना तर अजिबात नको. ते मधातही उतरतं. निंबोळी तेलानंही कोवळ्या अळ्या मरतात, तेव्हा ‘सेंद्रिय आहे’ म्हणून सरसकट फवारू नका. एरवीही नुसत्या फुलांवर फुलपाखरू टिकत नाही, अंडी घालायला जागा लागते. कुंपणाला एक रुई आणि एक टाकळ्याचा जुडगा राहू द्या.

वाटीत साखरपाणी ठेवावं का?

नको, मुंग्या येतात. पसरट ताटलीत माती, चिमूटभर मीठ आणि माती ओली राहील इतकंच पाणी ठेवा. कडेला पिकून काळं पडलेलं केळं ठेवलं तरी चालेल. दोन दिवसांनी बदला.