देणगीची पावती ठेवा बाजूला, आधी टीडीएस पाहा

भाऊ, याच महिन्यात तुमच्यासारखे तीन फोन आले मला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वावर धरणात गेलं, पंधरा वर्षं केस चालली, फेब्रुवारी २०२५ मध्ये वाढीव मोबदला खात्यात पडला. मूळ वाढ ९ लाख २० हजार, व्याज ११ लाख ४० हजार, आणि व्याजावर आधीच कापलेला कर (टीडीएस) १ लाख १४ हजार. मग आनंदात गोशाळेला लाखाचा चेक आणि विठ्ठल मंदिराच्या सभामंडपाला ५१ हजार रोख. आता विचारता, देणगीवर सूट किती?

काहीच नाही. २ हजारांच्या वरची रोख देणगी ८०जी मध्ये, म्हणजे देणगीवरच्या करसुटीच्या कलमात, चालतच नाही, मग पावतीवर कितीही शिक्के असोत. चेकची चालली असती, पण ती सूट जुन्या करपद्धतीतच मिळते आणि जुनी पद्धत निवडायला रिटर्न मुदतीत लागतं. मुदत २०२५ मध्ये वाढून १६ सप्टेंबरपर्यंत गेली होती, तरी तुम्ही म्हणता 'पराटीच्या (कपाशीच्या) फवारणीत राहून गेलं'. कोर्टात पंधरा वर्षं एक तारीख चुकवली नाही अन् इथे?

पण रडू नका, जुन्या पद्धतीत तुम्हाला उलट कर बसला असता. अशा व्याजाचा निम्मा भाग कायद्यानेच वजा होतो, कलम ५७(४) पाहा, आणि ही वजावट नव्या पद्धतीतही मिळते. (वकिलाची फी मात्र त्यातून वेगळी वजा होत नाही, आमचं दुःख आम्हालाच.) उरले ५ लाख ७० हजार. २०२४-२५ या वर्षासाठी नव्या पद्धतीत ७ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेट, म्हणजे करमाफी होती, दुसरं मोठं उत्पन्न नसेल तर कर शून्य. म्हणजे १ लाख १४ हजार परत, त्यातून उशिराची फी ५ हजार जाईल.

सगळ्याची कळ म्हणजे ३१ डिसेंबर २०२५. २०२४-२५ चं उशिराचं रिटर्न भरायची ती शेवटची तारीख. नंतर अपडेटेड रिटर्न भरता येतं पण त्यात रिफंड मागता येत नाही, मग विलंब माफीचा अर्ज घेऊन आयकर खात्यातल्या साहेबांच्या दारात, आणि ते कधी ऐकतील याची गॅरंटी मी देत नाही.

व्याज मोबदल्याचाच भाग की वेगळं उत्पन्न, यावर कोर्टात वाद झालेत. कर शून्य येत असताना तुम्ही त्यात पडू नका, ज्यांचं व्याज तीस-चाळीस लाख आहे त्यांनी कागद दाखवून बोलावं. मूळ रकमेवर बहुतेक कर लागणार नाही, तुमचं वावर नगरपालिकेच्या हद्दीपासून किती लांब होतं ते पाहावं लागेल.

सेवा केंद्रातला पोरगा आयटीआर-१ हा रिटर्नचा सोपा फॉर्म भरून देईल, ते नको. शेतीचं उत्पन्न ५ हजारांवर असेल तर आयटीआर-२. भरण्याआधी २६एएस, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा काढा, केस वडिलांच्या नावाने होती ना, टीडीएस त्यांच्याच पॅनवर पडला असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्यावं लागेल आणि त्यालाच वेळ जातो. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करा. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जातो, आणि तुम्हीच सांगितलं की तो नंबर पुण्यातल्या मुलाचा आहे, तर त्याला आधी फोन करून ठेवा.